अनुदानित महाविद्यालयासाठी शासनाचा निधी वाढवून घ्यायचा, तर मागणी कशी बांधावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावातले अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय, कला-वाणिज्य-विज्ञान तिन्ही शाखा. निम्म्याहून अधिक पदे रिकामी, शिकवणे तासिका तत्त्वावरच्या (तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या) प्राध्यापकांच्या भरवशावर, प्रयोगशाळेतली रसायनेसुद्धा विद्यार्थ्यांच्या फीतून येतात. दरवर्षी तहसीलदारांपासून मंत्र्यांपर्यंत निवेदने जातात, फोटो छापून येतात, पुढे काही होत नाही. प्राध्यापक, पालक, माजी विद्यार्थी एकत्र यायला तयार आहेत. महाराष्ट्रात यासाठी नेमके काय करायचे?

‘उच्च शिक्षणाचा निधी वाढवा’ एवढ्या वाक्यावर मंत्रालयातला कोणताही कक्ष अधिकारी टिपणी लिहू शकत नाही. त्याला लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातले त्या खर्चाचे ठरलेले खाते) लागते, रक्कम लागते, ती रक्कम कशी काढली हे लागते, आणि हे सगळे अर्थसंकल्पाचे आकडे गोठण्याच्या आत लागते. तुमची निवेदने बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असणार, कारण तेव्हा वर्तमानपत्रांत अर्थसंकल्पाच्या बातम्या असतात. तोवर विभागाचे अंदाज वित्त विभागाकडे जाऊन कित्येक आठवडे झालेले असतात. पत्राला ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा पडतो आणि फाइल थांबते. अधिकाऱ्याला इच्छा असली तरी त्या टप्प्यावर तो फार काही करू शकत नाही.

पैसा कुठल्या खात्यातून येतो हे आधी पाहा. उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अर्थसंकल्पातल्या मागण्यांना (विधानसभेकडे मंजुरीसाठी मांडलेल्या रकमांना) ‘डब्ल्यू’ हे अक्षर आहे, आणि सर्वसाधारण शिक्षणाची मागणी डब्ल्यू-२. तिच्यात मुख्य लेखाशीर्ष २२०२, सर्वसाधारण शिक्षण. उपमुख्य शीर्ष ०३, विद्यापीठीय व उच्च शिक्षण. त्याखाली गौण शीर्ष १०२ म्हणजे विद्यापीठांना साहाय्य, १०३ म्हणजे शासकीय महाविद्यालये, १०४ म्हणजे अशासकीय महाविद्यालयांना साहाय्य. तुमचे महाविद्यालय १०४ मध्ये येते. इमारतीसारखा भांडवली खर्च ४२०२ खाली जातो. शेवटी खर्चाचा प्रकार सांगणारे उद्दिष्टशीर्ष येते: ३६ म्हणजे सहायक अनुदाने (वेतन) आणि ३१ म्हणजे सहायक अनुदाने (वेतनेतर). सगळ्यात महत्त्वाचा फरक या शेवटच्या दोन आकड्यांत आहे. आपण ‘अनुदान’ म्हणतो त्यातला जवळपास सगळा पैसा ३६ मधला, म्हणजे पगाराचा असतो. रसायने, ग्रंथालय, वीजबिल, इमारतीची डागडुजी यांना ३१ लागते, आणि तिथे फार थोडे असते. निवेदनात दोन्हींची सरमिसळ केली की विभाग सरळ उत्तर देतो: ‘महाविद्यालयास शंभर टक्के वेतन अनुदान देण्यात येत आहे.’ उत्तर खरेही असते आणि तुमच्या प्रश्नाला लागूही नसते.

आता रिक्त पदांचे. वेतन अनुदानाचा पुढच्या वर्षीचा अंदाज प्रामुख्याने भरलेल्या पदांवर बांधला जातो. प्राध्यापक निवृत्त झाला, पद भरले नाही, की त्या पदाचा पगार पुढच्या अंदाजातून गळतो. दोन-तीन वर्षे असे झाले की तो खालचा आकडाच ‘नेहमीचा’ ठरतो. मग भरतीची मागणी आली की वित्त विभाग तिला ‘नवीन आर्थिक भार’ म्हणतो. वास्तविक तो भार जुना, मंजूर, आणि मधल्या काळात शासनाने वाचवलेला असतो. हे दुष्टचक्र कागदावर आकड्यांत दाखवता आले पाहिजे. राज्याने २०१८ मध्ये रिक्त पदांच्या एका भागाला म्हणून ३,५८० सहायक प्राध्यापक पदांना मान्यता दिली. त्यातली उरलेली २,०८८ पदे भरण्याची परवानगी २०२१ मध्ये पुन्हा द्यावी लागली. मान्यता आणि प्रत्यक्ष नेमणूक यांच्यात इतकी वर्षे जातात आणि त्या काळात निवृत्त्या चालूच राहतात. म्हणून ‘भरतीला परवानगी द्या’ याच्या जोडीला ‘या पदांच्या वेतनाची तरतूद ३६ खाली अमुक इतकी करा’ असे लिहिलेच पाहिजे.

रक्कम काढायची कशी? विषयवार कार्यभारापासून, म्हणजे आठवड्याच्या एकूण अध्यापन तासांपासून, सुरुवात करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास. समजा रसायनशास्त्राचा तपासून झालेला कार्यभार आठवड्याला ९६ तास आहे. १६ ने भागले की सहा पदे. दोन भरलेली असतील तर चार रिक्त. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महिना ५७,७०० रुपये, वर्षाला ६,९२,४००, चार पदांचे २७,६९,६०० रुपये. त्यावर त्या दिवशीचा महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि निवृत्तिवेतनातला शासनाचा वाटा घाला. तासिका तत्त्वावर सध्या जाणारी रक्कम यातून वजा करा, कारण पद भरले की तो खर्च थांबतो. उरेल तो खरा वाढीव भार. ही वजाबाकी बहुतेक निवेदनांत नसते, आणि त्यामुळे मागणी आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

इथे तीन ठिकाणी चुका होतात. पहिली: बीबीए, बीसीए किंवा विनाअनुदानित तुकड्यांचे तास आणि विद्यार्थी अनुदानित कार्यभारात मिसळले जातात. सहसंचालक कार्यालयाच्या तपासणीत हे सापडते आणि मग सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास जातो. दोन स्वतंत्र तक्ते करा. दुसरी: प्रात्यक्षिकाचे तास आणि तुकडीची विद्यार्थिसंख्या आपल्या सोयीने धरली जाते, लागू शासन निर्णयात जसे मोजायला सांगितले आहे तसेच मोजा आणि त्या निर्णयाचा क्रमांक-दिनांक तक्त्याखाली लिहा. तिसरी चूक अलीकडची आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाची श्रेयांक (क्रेडिट) रचना आली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्य अभ्यासक्रम अशी तासांची वाटणी बदलली. जुन्या रचनेवर काढलेला कार्यभार आता टिकत नाही. काही विषयांचे तास घटतात, काहींचे वाढतात, आणि खुले ऐच्छिक विषय कोण शिकवणार हे न ठरवल्यास ते तास कोणाच्याच कार्यभारात पडत नाहीत. ते तास मोजून घ्या. बऱ्याच ठिकाणी पदे तिथेच वाचतात.

कार्यभाराबरोबर बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची नोंदवही, तपासून तयार हवी. २०२४ मध्ये सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गासाठी १० टक्के आरक्षण आल्यावर बिंदूंची मांडणी बदलली आणि जुन्या प्रमाणित नोंदवह्या पुन्हा तपासून घ्याव्या लागल्या. तरतूद मंजूर झाली, पदभरतीचे ना हरकत प्रमाणपत्र मात्र बिंदुनामावलीअभावी अडकले, असे झाले की ३१ मार्चला ती तरतूद अखर्चित राहते. पुढच्या वर्षी वित्त विभाग तोच दाखला देतो: ‘दिलेला निधीही खर्च होत नाही.’ रिकाम्या पदांपायी मुलांचे नुकसान झाले ते झालेच, वर दोष महाविद्यालयाच्या माथी. म्हणून निधी मागण्याआधी निधी खर्च करण्याची कागदोपत्री तयारी पूर्ण ठेवा. तपासलेला कार्यभार, प्रमाणित बिंदुनामावली, मंजूर आकृतिबंधाची (पदांच्या संख्येची व रचनेची) प्रत, निवृत्तीच्या तारखांची पुढच्या पाच वर्षांची यादी आणि आधीच्या प्रत्येक अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला). शेवटच्या कागदाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. चार वर्षांपूर्वी मिळालेल्या उपकरण अनुदानाचे प्रमाणपत्र प्रलंबित असले, तर नवीन प्रस्ताव त्याच टेबलावर थांबतो.

माहिती मिळवायला मोर्च्याची गरज नाही. राज्याची ‘बीम्स’ ही अर्थसंकल्प वितरण प्रणाली संकेतस्थळावर पाहता येते. लेखाशीर्षनिहाय मूळ तरतूद किती, वितरित किती, खर्च किती, हे तिथे दिसते. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी मांडा. तरतूद आणि वितरण यांच्यात मोठी दरी असेल तर तुमची मागणी ‘तरतूद वाढवा’ ही नाही, ‘वितरित करा’ ही आहे; आणि ती वेगळ्या माणसाकडे, वेगळ्या वेळी करायची असते. जे तिथे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. २००५ च्या कायद्यात ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे एका अर्जात सगळे कोंबू नका. ‘विभागातील अनुदानित महाविद्यालयांची मंजूर, भरलेली व रिक्त शिक्षकीय पदे, महाविद्यालयनिहाय, अमुक दिनांकास’ हा एक अर्ज; वेतनेतर अनुदानाचा दुसरा. ‘का दिले नाही’ असे विचारू नका. कायद्याखाली नोंदीतली माहिती मिळते, कारणमीमांसा नाही. ‘संबंधित टिपणी व पत्रव्यवहाराची प्रत द्यावी’ असे लिहिले की कारण आपोआप हाती येते.

आता वेळापत्रक, ज्यावर खरे यश ठरते. वर्ष एप्रिलपासून मोजा. मे-जूनमध्ये कार्यभार आणि आकडे. जुलैत प्रवेश झाले की प्रत्यक्ष विद्यार्थिसंख्या घालून तक्ते पक्के करा. ऑगस्ट संपण्याआधी प्रस्ताव प्राचार्यांच्या सहीने विभागीय सहसंचालकांकडे जावा आणि तिथून पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयात. संचालनालय सगळ्या विभागांची बेरीज करून मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागाला देते, तो विभाग वित्त विभागाशी चर्चा करतो. चालू वर्षाचे आठमाही सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचे अंदाज याच काळात तयार होतात. त्यामुळे सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने सर्वांत मोलाचे. या काळात दर पंधरा दिवसांनी ‘आमचा प्रस्ताव आवक क्रमांक अमुक, सध्या कोणत्या टेबलावर आहे’ एवढेच विचारायला एक माणूस नेमा. एकच, आणि तोच तो. दर वेळी नवे शिष्टमंडळ गेले की दर वेळी पहिल्यापासून सांगावे लागते.

वेळ चुकली तर सगळे संपत नाही. पुरवणी मागण्या (वर्ष चालू असताना मागितलेली जादा तरतूद) असतात, आणि त्या साधारणपणे पावसाळी, हिवाळी आणि अर्थसंकल्पी अशा प्रत्येक अधिवेशनात मांडल्या जातात. मात्र पुरवणी मागणीला ‘हे आधी का कळले नाही’ याचे उत्तर लागते. न्यायालयाचा आदेश, महागाई भत्त्यात वाढ, केंद्राच्या योजनेतला राज्यहिस्सा ही उत्तरे चालतात. ‘पदे दहा वर्षे रिक्त आहेत’ हे चालत नाही. निवडणुकीच्या वर्षी वेळापत्रक सरकते. २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला आणि पूर्ण अर्थसंकल्प जूनच्या शेवटी. अशा वर्षी मधले तीन-चार महिने जास्तीचे मिळतात, ते वाया घालवू नका.

आमदारांकडे कशासाठी जायचे हेही ठरवून जा. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक आणि ७ पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. या सदस्यांना विषय माहीत असतो आणि ते प्रश्न चांगले विचारतात. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होते. म्हणून शिक्षक आमदारांबरोबर तुमच्या तालुक्याचे विधानसभा सदस्यही हवेत, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. त्यांना निवेदन देऊ नका, तयार मसुदा द्या. तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) मसुदा चार उपप्रश्नांचा असावा: पदे रिक्त आहेत हे खरे आहे काय, असल्यास किती व कधीपासून, ती न भरल्याने वाचलेली वेतनाची रक्कम किती, भरण्यासाठी चालू वर्षात किती तरतूद केली आहे. तिसरा उपप्रश्न कधीच वगळू नका. मागण्यांवरच्या चर्चेत डब्ल्यू-२ वर कपात सूचना देता येते. तिने पैसा वाढत नाही, कारण सदस्याला तरतूद कमी सुचवता येते, वाढवून मागता येत नाही. पण मंत्र्यांना त्या विषयावर सभागृहात उत्तर द्यावे लागते.

उत्तरातले शब्द जपून वाचा. ‘तपासून पाहू’ आणि ‘तीन महिन्यांत करण्यात येईल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारचे वाक्य आश्वासन ठरू शकते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. कार्यवाहीची प्रत मिळवून ते वाक्य दिनांकासह फाइलला लावा. पुढची सगळी पत्रे ‘सभागृहात अमुक दिनांकास दिलेल्या आश्वासनानुसार’ अशी सुरू होऊ शकतात, आणि अशा पत्राला उत्तर देणे टाळता येत नाही.

वित्त विभागाचे आक्षेप ठरलेले असतात. त्यांची उत्तरे आधीच प्रस्तावात घाला. ‘संस्थेने स्वतःचे उत्पन्न वाढवावे.’ याला आकड्यांनी उत्तर द्या: तुमच्याकडचे किती विद्यार्थी शिष्यवृत्ती किंवा फी प्रतिपूर्तीवर आहेत, किती मुली आहेत, किती जण घरातले पहिलेच पदवीला आलेले आहेत. तालुक्यातल्या बहुसंख्य महाविद्यालयांत फी वाढवली की तिचा मोठा हिस्सा पुन्हा शासनाच्याच प्रतिपूर्तीवर येतो, आणि उरलेला त्या मुलांवर, ज्यांच्या घरी शिक्षण सोडण्याचा निर्णय हजार-दोन हजार रुपयांवर होतो. ‘उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी घ्या.’ घ्यावा, पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा पैसा कंपनीच्या नफ्यावर अवलंबून असतो. त्यातून संगणक कक्ष उभा राहील, प्राध्यापकाचा तीस वर्षांचा पगार निघणार नाही. खासदार-आमदार निधीचेही तेच: भिंत बांधता येते, शिकवणारा माणूस ठेवता येत नाही. ‘विद्यार्थी कमी होत आहेत.’ हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्या. एखाद्या विषयाची पटसंख्या खरोखर घसरली असेल तर ते पद मागू नका. जिथे गर्दी आहे त्या विषयाला ते वळवण्याचा प्रस्ताव तुम्हीच मांडा. प्रामाणिकपणे सोडलेल्या एका पदामुळे उरलेल्या पाच पदांची मागणी भक्कम होते.

केंद्राच्या निधीबद्दलही बरेच गैरसमज आहेत. २०१३ पासूनची ‘रुसा’ (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) आणि तिच्या जागी २०२३ मध्ये आलेली ‘पीएम-उषा’ (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान) या केंद्राच्या योजनांत महाराष्ट्रासारख्या राज्याला ६०:४० हे प्रमाण आहे. पीएम-उषासाठी २०२३-२४ ते २०२५-२६ या काळात देशभराकरता १२,९२६.१० कोटी रुपये ठरवले गेले. म्हणजे केंद्राने ६० रुपये दिले तर राज्याने ४० घालायचे, आणि राज्याचे ४० अर्थसंकल्पात नसतील तर पुढचा हप्ता थांबतो. तेव्हा ‘केंद्राकडून मागा’ असे कोणी म्हणाले की विचारा: राज्यहिस्सा कोणत्या लेखाशीर्षाखाली, किती ठेवला आहे? शिवाय हा पैसा इमारत, उपकरणे, गुणवत्ता यांसाठीचा. पगाराचा प्रश्न तो सोडवत नाही.

मोठ्या युक्तिवादासाठी दोनच आकडे पुरतात. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करावेत असे सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० च्या धोरणांनी ते मान्य केले, आणि २०२० च्या धोरणातच प्रत्यक्ष खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास असल्याची नोंद आहे. त्याच धोरणाला उच्च शिक्षणातले एकूण नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत दाखल विद्यार्थी) २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ते २८.४ टक्के होते. जवळजवळ दुप्पट मुले येणार, तर त्यांना शिकवणार कोण? हा प्रश्न भाषणात जरूर विचारा, पण प्रस्तावात याला एकाच परिच्छेदापेक्षा जास्त जागा देऊ नका. तिथे तुमचे ९६ तास आणि चार पदे जास्त काम करतात.

एकत्र येण्याबद्दल. संस्थाचालक, प्राध्यापक संघटना, शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी, पालक यांच्या मागण्या एकमेकांना छेद देतात. संस्थेला फीवाढ हवी असते, विद्यार्थ्यांना नको असते. संघटनेच्या यादीत थकबाकी पहिली, पालकांच्या यादीत वसतिगृह. सतरा कलमी निवेदनात शासनाला सर्वांत स्वस्त कलम निवडून ‘मागण्यांवर सकारात्मक विचार’ केल्याचे सांगता येते. पहिल्याच बैठकीत सगळ्यांच्या सहीने ठरवा: या वर्षी दोनच मागण्या, एक ३६ खाली, एक ३१ खाली. बाकीच्या लिहून ठेवा, पुढच्या वर्षी घ्या. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना या बैठकीत मागे बसवू नका. कार्यभाराचे खरे ओझे ते उचलत आहेत आणि कोणत्या वर्गात कोण शिकवते याची अचूक माहिती त्यांच्याकडेच असते. जिल्ह्यातली आणखी चार-पाच महाविद्यालये याच नमुन्यात तक्ते भरून आली तर फारच उत्तम, कारण संचालनालय एका महाविद्यालयासाठी लेखाशीर्ष हलवत नाही, जिल्ह्याच्या बेरजेवर विचार करते. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) तसा ठराव करून घेतला तर तो प्रस्तावाला जोडा.

न्यायालयाचा मार्ग शेवटी ठेवा आणि नेमक्या मुद्द्यावर वापरा. मंजूर पदे न भरणे, तपासून झालेल्या कार्यभाराला ना हरकत न देणे, स्वतःच्याच शासन निर्णयाची अंमलबजावणी न करणे, अशा गोष्टींवर उच्च न्यायालयात दाद मागता येते. अर्थसंकल्पात किती तरतूद करावी हे न्यायालय सहसा ठरवत नाही. याचिकेला बळ देणारा कागद पुन्हा तोच: आवक क्रमांकासह वेळेत दिलेला प्रस्ताव, आणि त्यावर उत्तर न आल्याची नोंद.

या वर्षीची सुरुवात कार्यभाराच्या तक्त्यापासून करा. प्रत्येक विषयाचा एक कागद, त्यावर विभागप्रमुखाची सही, आणि तो तपासायला दुसऱ्या विषयाचा माणूस.